तुझा बाप वाट बघतात

माणसाचा खोकला कापून टाकणं सोपं असतं. आवंढा कापणं अवघड. आवंढ्यानंतरचा शब्द ओला येतो, आणि मधला आवंढा काढला की तो ओलावा कुठून आला हे ऐकणाऱ्याला कळत नाही, नुसतंच काहीतरी खटकत राहतं. ब्रातिस्लावातल्या एका बिनपाटीच्या इमारतीत मी अकरा वर्षं ध्वनिफिती कापायचं आणि जोडायचं काम केलं. माझ्या कात्रीखालून गेलेलं कुणाला खटकलं, असं एकदाही झालं नाही. आज हे सांगताना तोंड कडू होतं. तेव्हा मात्र मी भेटेल त्याला हौसेनं सांगायची.

आमचा विभाग 'परदेशातल्या देशबांधवांसाठी' होता. देशबांधव म्हणजे पळून गेलेले. पंचावन्न साली सरकारनं त्यांना माफी जाहीर केली होती, परत या, कुणी काही विचारणार नाही म्हणून. कागदावरची माफी त्यांच्या कानात नेऊन घालायचं काम आमचं. आई, बायको, म्हातारी आजी, जे कुणी मागं राहिलं असेल त्याला मायक्रोफोनपुढे बसवायचं, आणि रविवारी सकाळी तो आवाज सीमेपलीकडे सोडायचा. पलीकडे म्युनिकमध्ये अमेरिकनांच्या जिवावर एक स्टेशन चालायचं. ते आमच्याच भाषेत आमच्या लोकांना सांगायचं की दम धरा, आता थोडेच दिवस राहिले. आम्ही म्हणायचो या, ते म्हणायचे थांबा. येणाऱ्याचं किंवा थांबणाऱ्याचं पुढं काय होतं, याची चौकशी दोन्हीकडं कुणी केली नाही.

हे सगळं चालवायचा कॅप्टन बेन्यो. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची, आता करणार नाही. पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याला कान होता, हे मात्र कबूल करायला हवं. "रडणारी आई नको, हेर्मीना," तो मला म्हणायचा. "आई रडली की पोरं सावध होतात. आई हसली की पोरं रडतात, आणि रडणारी पोरं गाडीत बसतात."

त्या ऑक्टोबरात त्याला अल्बीन पिंद्याक हवा होता. तीन वर्षांपूर्वी पळालेला हा उत्तरेच्या डोंगरी ओरावाकडचा पोरगा म्युनिकच्या स्टेशनवर दर गुरुवारी 'मेंढपाळ मातेय' या नावानं बोलायचा. कुठल्या शेतकी मंडळाच्या अध्यक्षानं कुणाची गाय लाटली, कुठल्या गावात पाद्र्याला रातोरात हलवलं, असल्या गोष्टी तो गावच्या भाषेत, हसत हसत सांगायचा. अर्धं ओरावा दारं लावून त्याला ऐकत असे. आता त्याला कॅनडाची कागदपत्रं मिळाली होती, नोव्हेंबरअखेर जहाज होतं. त्याआधी तो परत यायला हवा होता. पत्रकारांपुढे बसून त्याच आवाजात त्यानं सांगायला हवं होतं, की सगळं अमेरिकनांनी लिहून दिलेलं होतं.

त्याची आई, युस्तीना पिंद्याकोवा, एका मंगळवारी सकाळी आली. म्हणजे आणली. डोक्याला काळा रुमाल, पायात पुरुषी बूट, अंगाला धुराचा आणि मेंढीच्या चीजचा वास. क्लिनोव्का नावाचं तिचं गाव पोलंडच्या डोंगराला टेकलेलं, तिथून रात्रभर गाडीत बसून ती आली होती. तरी खुर्चीत पाठ न टेकता बसली.

"साहेब, वाचायचं कुठून?" तिनं विचारलं.

"साहेब नाही मावशी, कॉम्रेड. साहेब लोक पळाले सगळे," कॅप्टन म्हणाला आणि स्वतःच हसला.

"बरं कॉम्रेडसाहेब."

मला हसू आलं. तिला मात्र आलं नाही.

कागदावर मजकूर साधा होता, आणि मीच तो नीटनेटका केला होता. अल्बीन बाळा, मी आई बोलतेय. आम्ही सगळे बरे आहोत. इर्मा नर्सिंग शिकतेय. तुझ्या बापाचा पाय आता बरा आहे, तो चुलीपाशी बसतो आणि तुझी वाट बघतो. खोलीला चुना मारलाय. सरकारनं माफी दिलीय. घरी ये. एवढंच. ही धाकटी बहीण इर्मा खरंच नर्सिंगच्या शाळेत होती, आणि ती तिथं राहील की नाही हे आईच्या वाचण्यावर अवलंबून आहे, हे कॅप्टननं येताना गाडीत सांगून ठेवलं होतं. त्याला अशा गोष्टी माझ्यापासून लपवाव्याशा वाटत नसत. मीही ऐकून सोडून देत असे.

पहिल्यांदा ती बाराखडी म्हटल्यासारखं वाचून गेली. कॅप्टननं चहा मागवला, मेंढ्यांचं विचारलं, कुठला कुत्रा चांगला राखणीला, हे विचारलं. चौथ्या खेपेला तिच्या आवाजात घर आलं. फक्त एका ठिकाणी ती दर वेळी तेच करायची.

"तुझा बाप चुलीपाशी बसतात आणि तुझी वाट बघतात."

"बसतो, बघतो," कॅप्टन म्हणाला. "एकच तर बाप आहे, मावशी."

"आमच्या तोंडाला तेच वळण, साहेब. सरळ बोलायला गेले तर पोराला वाटेल, कुणी दुसरीच बाई आणून बसवलीय."

कॅप्टन खूश झाला. असं काही पटलं की तो बोटानं टेबलावर एकदा टकटक करायचा, तशी केली. "बघितलंत? यांना शिकवावं लागत नाही," तो मला म्हणाला. "ते बसतात-बघतात ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा. भाषेतलं तुम्हाला कळतं."

नंतर हात धुवायच्या जागी मी आणि ती दोघीच होतो. तिनं नळ सोडला, मोठा सोडला, आणि ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

"पोरी, मी बोलले ते जसंच्या तसं जाऊ दे. एक अक्षर हलवू नकोस."

"काळजी करू नका मावशी."

"तसं नाही. वचन दे. खोकले असेन तर खोकल्यासकट."

"दिलं वचन."

"तू कुठली गं?"

"झाहोरीकडची, पश्चिमेची. पण शिकायला आले ती इथंच."

"मग तुला नाही कळायचं," ती म्हणाली आणि नळ बंद केला. "फक्त एवढं कर."

तुला नाही कळायचं! मला, जिच्याकडे अख्ख्या इमारतीतले लोक शब्दांच्या शंका घेऊन यायचे. माझी झाहोरीची बोली मी सोळाव्या वर्षीच जिभेवरून खरवडून काढली होती, कारण वसतिगृहातल्या मुली तिला हसायच्या. तेव्हापासून शुद्ध भाषा ही माझी एकमेव इस्टेट होती. आणि ही बाई, जिला छापील अक्षर प्रार्थनेच्या पुस्तकापुरतंच येतं, ती मला सांगत होती. मी हसून दार उघडून धरलं, पण मला ते लागलं.

आमच्या भाषेत 'बघतात'चं शेवटचं अक्षर काढलं की जवळजवळ 'बघतो' उरतं. फितीवर ते अक्षर म्हणजे करंगळीच्या नखाएवढा तुकडा. दुपारी मी कापायला बसले. खोकला राहू दिला, वचन दिलं होतं ना. श्वास राहू दिले. मग ते वाक्य आलं. आईनं मुलाशी बोलताना मुलाच्या तोंडचा आदर वापरणं मला माहीत होतं, आमच्याकडे पोरं आईबापांना आदरानंच बोलतात. म्हातारी तसंच बोलतेय, असं मी धरून चालले. वर्षापूर्वीचं एक परिपत्रक माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. आदरार्थी अनेकवचन ही सरंजामी काळाची खूण असून कामकरी जनतेच्या कार्यक्रमांत टाळावी. परिपत्रकाचा मला आधार मिळाला, एवढंच. खरं कारण वेगळं होतं. ते वाक्य मला गावंढळ वाटलं, आणि ते एका कात्रीत सुधारता येत होतं. पोरगा तिकडे रेडिओवर बोलणारा, शहरी झालेला, आई अशी बोललेली ऐकून त्याला लाज वाटेल असंही मनात आलं. मी तिच्यावर उपकारच करत होते.

दोन कात्र्या, दोन जोड. परत ऐकलं. तुझा बाप चुलीपाशी बसतो आणि तुझी वाट बघतो. जोड कुठे आहे ते मलाही सांगता आलं नसतं. कॅप्टननं ऐकून टेबलावर टकटक केली आणि दुसऱ्या दिवशी मला पाव किलो खरी कॉफी आणून दिली.

तीन रविवार ती फीत वाजली. तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी अल्बीन पिंद्याक व्हिएन्नाच्या आमच्या कचेरीत दोन बॅगा घेऊन हजर झाला. मला वाईट वाटलं म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. मला अभिमान वाटला. आमच्या मजल्यावर केक कापला गेला.

"आता घरी आल्याचं रेकॉर्डिंग हवं," कॅप्टन म्हणाला. "तुम्ही मशीन घेऊन आधी पुढे जा. म्हातारीला सांगायचं नाही. आणखी एक निरोप रेकॉर्ड करायचाय, एवढंच सांगा. मी त्याला घेऊन अकराला पोचतो. दार उघडल्यावरचा पहिला हुंदका खरा हवा."

"आणि वडील?"

"वडील दवाखान्यात आहेत. पायाचं काहीतरी," तो म्हणाला आणि दुसरा विषय काढला.

क्लिनोव्कात नोव्हेंबरमध्येच बर्फ पडलं होतं. ड्रायव्हरनं मशीन आत आणून ठेवलं आणि तो गाडीपाशी गेला. युस्तीनानं मला ओळखलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी चपापले. तिनं मला चुलीजवळ बसवलं, किसलेल्या बटाट्याचे घावन तव्यावर टाकले, वर मेंढीचं चीज कुस्करलं. खोलीला खरंच चुना मारला होता. चुलीशेजारचा बाक रिकामा होता.

"खा गं. नुसती हाडं राहिलीत तुझी. कॉम्रेडसाहेब उपाशी ठेवतात का?"

"मावशी, आणखी एक छोटा निरोप—"

"कितीही निरोप घे!" ती हसली. पुढचा एक दात नसलेलं, मोकळं हसू होतं ते. "आता मी दिवसभर बोलवीन त्याला. ये बाळा, ये राजा. तो येत नाही."

मी घावन हातात धरून राहिले.

तिनं खिडकीतून ड्रायव्हरकडे पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. "तू माझं बोलणं हलवलं नाहीस म्हणून तुला सांगते. तीन रविवार शेजारच्या चुलत्याकडे तुमचा तो बाहेरचा कार्यक्रम लावून बघायचं म्हणत होतो, पण भिंतीला कान आहेत. तू वचन दिलंयस, तेवढ्यावर मी झोपले." तिनं आवाज खाली आणला. "आमच्या गावात नवरा जिवंत असला की बायको त्याला 'तो' म्हणते. तो आला, तो जेवला, तो पिऊन पडला. देवाघरी गेला की मग 'ते'. ते असं म्हणायचे, ते तसं करायचे. मातीत गेल्यावर मान मिळतो मेल्याला." ती परत हसली, आणि या खेपेला डोळे पुसले. "माझ्या फ्लोरियानला फेब्रुवारीत जिल्ह्याला नेलं, पोराची चौकशी करायला. मार्चमध्ये पेटी आणून दिली. उघडायची नाही म्हणाले. माझी पत्रं जात नाहीत. अल्बीनला काय ठाऊक? पण तुझा बाप वाट बघतात म्हटलं की तो समजला. बाप गेला, मग चुना खोटा, माफी खोटी, सगळंच खोटं. माझं पोर शहाणं आहे. आता कॅनडाला जाईल. मला दिसणार नाही कधी, पण जाईल."

तिनं माझा हात हातात घेतला. "तुझे उपकार गं पोरी."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. पंधरा मिनिटं म्हणजे पुष्कळ वेळ. तेवढ्यात मला सांगता आलं असतं. मावशी, तो येतोय, मी कापलं, सावरा. निदान ती उभी तरी राहिली असती त्या दाराकडे तोंड करून. मी घावन खाल्लं. शप्पथ सांगते, मी ते पूर्ण खाल्लं. ती आणखी एक घे म्हणाली तेव्हा बाहेर दुसरी गाडी थांबली.

कॅप्टन आधी आत आला आणि त्यानं मला डोळ्यानं खूण केली. मी मशीन चालू केलं. मग अल्बीन आला. तिशीचा, उंच, परदेशी ओव्हरकोट, बगलेत खोका. "आई," तो म्हणाला, "आई, मी आलो."

ती किंचाळली नाही, हुंदका दिला नाही. उलथनं हातात तसंच धरून तिनं त्याच्याकडे पाहिलं, वाट चुकून कुणी परक्याच्या घरात शिरावं तसं. मग तिनं त्याला जवळ घेतलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मशीनची चाकं फिरत होती.

अल्बीननं डोकं वर करून चुलीकडे पाहिलं, बाकाकडे, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. खोका पुढं केला. "आप्पांसाठी बूट आणलेत. आतून लोकर आहे. कुठं आहेत ते?"

"मार्चमध्ये गेले रे," ती म्हणाली.

तो हळू बोलू लागला, रेडिओवर बोलायचा तशा आवाजात, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पण तुम्ही 'बघतो' म्हणालात. आई, बाकी सगळं यांनी लिहून दिलंय हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मी बाकी काही ऐकतच नव्हतो. त्या एका अक्षरासाठी कान लावून बसलो होतो. आप्पांचं काही झालं असतं तर तुम्ही तेवढं सांगाल, काहीही करून सांगाल, एवढी खात्री होती मला. तीन रविवार ऐकलं. तीनदा 'बघतो'. मग मी तिकीट परत दिलं."

"कुठलं अक्षर?" कॅप्टननं विचारलं. अगदी सहज. त्याला कान होता, हे मी सांगितलंच आहे.

युस्तीनानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चाकांकडे बघत होते. तेवढं तिला पुरलं असावं. इर्मा नर्सिंगच्या शाळेत होती, आणि आता आईनं एक शब्द जरी खरा सांगितला असता तरी तीही पेटीतून घरी आली असती.

"कसलं अक्षर नि काय, साहेब," ती म्हणाली. "पोराच्या डोक्यात काहीतरी खूळ. मला दिलं ते मी वाचलं."

"तुम्हाला माहीत होतं," अल्बीन म्हणाला. "तुम्ही मुद्दाम 'बघतो' म्हणालात."

"हो."

"का?"

"तुला बघायचं होतं मरायच्या आधी," ती म्हणाली. "बोलले खोटं. आई आहे, बोलले."

त्यानं तो खोका बाकावर ठेवला आणि तो बाहेर निघून गेला. कॅप्टननं मला मशीन बंद करायची खूण केली. "'कुठं आहेत ते' पासून पुढचं सगळं काढून टाका," तो म्हणाला. "दार, आई मी आलो, आणि ती शांतता. शांतता फार छान आलीय." नाताळच्या आदल्या रविवारी तेवढंच वाजलं.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. डिसेंबरात अल्बीनला पत्रकारांपुढे बसवलं आणि त्यानं कागद वाचला. दुसऱ्याच दिवशी म्युनिकच्या स्टेशननं सांगितलं की हा माणूस पहिल्यापासून कम्युनिस्टांचा हेर होता, आपल्याला संशय होताच. ज्यांच्यासाठी तो तीन वर्षं बोलला त्यांनी एका बातमीत त्याला मोडीत काढलं. इकडे त्याचं काम संपलं होतं. माफी पळून जाण्याबद्दल होती, म्युनिकमध्ये जे बोलला त्याबद्दल नव्हती, असं न्यायालयात ठरलं. नऊ वर्षांची सजा झाली, युरेनियमच्या खाणीवर पाठवलं. आई तीन वेळा डबा बांधून दोन दिवसांचा प्रवास करून गेली. तिन्ही वेळा त्यानं भेट नाकारली. चौथ्या वर्षी दरड पडून तो मेला. हे मला इर्माकडून कळलं, पुष्कळ वर्षांनी, एका दवाखान्यात. ती परिचारिका झाली होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

मी मनाची समजूत घालायला शिकले होते. त्या खोलीत मी तोंड उघडलं असतं तर म्हातारी आणि इर्मा दोघीही गेल्या असत्या, हे खरंच आहे. कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगते. कुंपणापाशी काय झालं ते सांगत नाही.

तो बाहेर गेल्यावर कॅप्टन आत म्हातारीशी बोलत बसला. सह्या घ्यायच्या होत्या. मी हवा खायला बाहेर पडले. अल्बीन मागच्या कुंपणाला टेकून उभा होता, बर्फात, टोपी नाही. दोन्ही ड्रायव्हर गाडीपाशी सिगारेटी ओढत होते, रस्त्याच्या पलीकडे. तिथं आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"तुम्ही तिकडच्या ना? रेकॉर्डिंगवाल्या?" त्यानं विचारलं.

"हो."

"ब्रातिस्लावात तुम्हीच होतात, आईनं वाचलं तेव्हा?"

"होते."

तो जवळ आला. त्याचा चेहरा आता मघासारखा नव्हता. आशा लागल्यासारखा झाला होता. "मग एक सांगा. कुणाला सांगणार नाही मी, माझं तर आता झालंच आहे. त्या तसंच म्हणाल्या का? बसतो, बघतो? की यांनी काही केलं? मला नुसतं माहीत हवंय. माझ्या आईनं मला बोलावलं का?"

मी नाही म्हटलं असतं तर त्याचा पुढचा प्रश्न होता, मग कुणी केलं. त्या चेहऱ्यासमोर उभं राहून, मी, असं म्हणावं लागलं असतं.

"तसंच म्हणाल्या," मी सांगितलं.

त्यानं मान हलवली आणि तो गाडीकडे चालू लागला, घरात परत न जाता. ड्रायव्हर इतके लांब होते की मी काहीही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.